अर्धं तिचं, अर्धं घेणाऱ्याचं

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात एक निळं पिंप आहे. त्या पिंपाची मला इतकी किळस आहे, की त्याच्याबद्दल लिहायला बसण्याआधी मी उठून खिडकी लावून आले. थंडी सरत आली की त्यात उपटलेलं तण, खाजऱ्या पानांच्या जुड्या, भाज्यांची देठं आणि मासळीवाल्याने फेकायला काढलेली माशांची डोकी पडतात. वरून पाणी, वरून झाकण. मग ते सगळं आतल्या आत सडतं. मी रंगमंचावर इतक्या वेळा विष प्यायले आहे, की माझं मरण बघायला लोक दुसऱ्यांदा तिकीट काढून यायचे. पण त्या पिंपाचं झाकण पहिल्यांदा माझ्या खिडकीखाली उघडलं तेव्हा माझं जे तोंड झालं, तसं एकदा जरी मला नाटकात जमलं असतं, तर नाट्यगृहाच्या दारात माझा पुतळा उभा राहिला असता.

पिंपवाली त्या पाण्याला ‘सूप’ म्हणते. मगभर सूप आणि बादलीभर साधं पाणी असं मिसळून ती टोमॅटोला, घेवड्याला आणि गुलाबाला घालते. गुलाब बशीएवढे होतात, हे खरं आहे. पण ते हुंगायला जवळ जायची कुणाची छाती होत नाही, हेही खरं आहे.

पिंपवाली म्हणजे तळमजल्यावर मागच्या खोलीत एकटी राहणारी माझी शेजारीण. बुटकी, मनगटं पैलवानाची, आवाज विंगेतून ओरडणाऱ्या मॅनेजरचा. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिने जन्म काढला. रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या, इस्त्री करायच्या. मला ती एकदा म्हणाली होती, “तुम्ही नाटकात मरता, तेव्हा पडदा पडतो. खरे मरतात ना, त्यांचा पडदा माझ्याकडे धुवायला यायचा.” त्याच धुलाईघरात एका नव्या बाईने ब्लीचच्या टाकीत व्हिनेगर ओतलं. सगळ्या खोकत बाहेर पळाल्या. बाकीच्यांचा खोकला गेला. हिचं नाक गेलं, ते परत आलं नाही.

म्हणजे बघा, सबंध इमारतीला उमासे आणणारं पिंप जिच्या मालकीचं, तिलाच त्याचा वास येत नाही! एखाद्याने हे फार्समध्ये लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, अहो लेखक, जरा पटेल असं लिहा.

त्यामुळे सूप झालं की नाही हे तिला दुसऱ्याला विचारावं लागायचं. दुसरा म्हणजे मी. माझी खिडकी बरोबर वर. ती झाकण काढून खालून हाक मारायची.

“नटीबाई, आला का?”

“आला!” मी नाकाला रुमाल लावून ओरडायची.

“कसा आला?”

“मेलेल्या उंदरासारखा!”

“मग अजून व्हायचंय. गटारासारखा आला की सांगा.”

अशी माझी त्या पिंपाचं नाक म्हणून नेमणूक झाली होती. आयुष्यभर फुलांचे हार घेतले, म्हातारपणी हे.

तिच्याकडे प्रत्येक ऋतूसाठी काहीतरी असायचं आणि त्यातलं निम्मं बघवत नसायचं. पाऊसपाणी वाढलं की ती वाफ्यात शिळ्या बिअरच्या बशा पुरायची. सकाळी त्यात शेंबडासारख्या गोगलगायी फुगून तरंगत असायच्या, त्या ही बाई बोटांनी उचलून पिंपात टाकायची आणि त्याच हाताने, बरं का, धुऊन, पण त्याच हाताने, मला कांद्यामधाचं चाटण आणून द्यायची. थंडीत पायांच्या भेगांवर चरबीचा लेप, उन्हाळ्यात मोरीत व्हिनेगर, लोकरीच्या कपड्यांत वाळलेली लिंबाची सालं. पण कुठलाही उपाय ती सरळ देत नसे. तिची एक रीत होती.

ती रीत मला कळली तेव्हा माझा घसा बसला होता. मी खुणांनीच सांगितलं. तिने कांदा चिरून मधात बुडवलेली वाटी हातात धरली, हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कांद्याचं पाणी मधात, चमचा चमचा दिवसात.”

आणि थांबली. वाटी देईना.

मी हात पुढे केला. तिने वाटी मागे घेतली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि कुजबुजली, “तान्ह्या बाळाला मध नाही, वर्षाआधी थेंब नाही.” मग पुन्हा मागे सरकून, “म्हणा!”

“अगं, माझा घसा…” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

“म्हणून तर म्हणायचं.”

“माझ्या घरात तान्हं बाळ कुठलं? माझ्या घरात तर मांजरही नाही!”

“तुमच्याकडून दुसरं कुणी नेईल. म्हणा.”

म्हटलं बाई. बसलेल्या घशाने, एकेक शब्द खरवडून म्हटलं. तेव्हा कुठे वाटी मिळाली.

तिच्या आजीने घालून दिलेला नियम असा होता की देणाऱ्याने ‘करा’चं वाक्य म्हणायचं आणि घेणाऱ्याने ‘करू नका’चं. पहिल्यांदा घेणाऱ्याला ते कानात सांगायचं, पुढच्या वेळेपासून त्याचं त्याने म्हणायचं. विसरला तर रिकाम्या हाताने परत. आणि दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून मोठ्याने बाहेर पडली, तर उपाय मुका होतो, त्याच्यात जीव उरत नाही. “सगळ्यात आधी पिंप मुकं होतं,” ती सांगायची. “घातलेलं तसंच पडून राहतं. आमच्या आजीच्या बहिणीचं झालं होतं. वर्षभर बागेत दाणा नाही.” मी मनात म्हणायची, देवा, होऊ दे मुकं.

तरी सांगते, या रीतीवर माझा जीव होता. दोन माणसांनी मिळून पुरं करायचं वाक्य! आम्ही त्यालाच संवाद म्हणतो आणि त्यासाठी तालमी करतो. अख्ख्या इमारतीला आपापली वाक्यं पाठ होती. चष्म्याच्या दुकानाचा मालक, जो एरवी कुणाशी बोलत नसे, तोसुद्धा मोरीसाठी व्हिनेगर न्यायला आला की मान खाली घालून म्हणायचा, “व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत नाही.” राजमा भिजवायची पद्धत विचारायला आलेली बाई दारातूनच म्हणायची, “भिजवलेलं पाणी फेकायचं, कच्चट दाणा खायचा नाही.” आधी आपलं वाक्य, मग नमस्कार.

मग तिची भाची आली. मोबाइलच्या दुकानात काम करणारी, गोड, बडबडी, मावशीवर जीव टाकणारी पोर. तिने मावशीचे व्हिडिओ काढायचं ठरवलं. पिंपवालीने आधी “शी, माझं थोबाड कोण बघणार?” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कानात नवे डूल घातले. मी हसले नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदा दिवा तोंडावर पडला की माणसाचं काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. भाजी बाजारात कुणीतरी तिला ओळखलं, त्या दिवशी ती अंगणात शीळ घालत तण उपटत होती.

व्हिडिओ मात्र बघवले नाहीत. पिंपाच्या वासाने पोट ढवळतं, या व्हिडिओंनी मन ढवळलं. मागे बासरी, कुठूनसा सोडलेला धूर, खाली अक्षरं: ‘पूर्वजांचं हजार वर्षांचं गुपित’. पिंप नाही, गोगलगायी नाहीत, माशांची डोकी नाहीत. टोमॅटो आपसूक लाल. जी बाई जन्मभर घाणीत हात घालून जगली, तिला अत्तराच्या पाण्याने धुऊन, इस्त्री करून मांडली होती. आमच्या धंद्यात याला खोटा मेकअप म्हणतात. चेहरा दिसतो, माणूस दिसत नाही. मी भाचीला बोललेसुद्धा.

“आजी, लोकांना छान बघायचं असतं,” ती म्हणाली. “मेलेली गोगलगाय बघून कोण लाइक करणार?”

“तुझ्या मावशीने तर जन्मभर केलं,” मी म्हटलं. ती खळखळून हसली. राग येईना अशी पोर.

थंडीच्या शेवटी ते झालं. तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं नव्याने राहायला आलं होतं. त्यांच्या तान्ह्या मुलीला सर्दी झाली. आई बिचारी एकटी, नवरा फिरतीवर. तिने फोनवर पाहिलं: आपल्याच इमारतीतली मावशी, हसतमुख, डूल घातलेली, सांगते आहे, “लसणाचा ठेचा फडक्यात, फडकं बांधा पायात.” तिने ठेचला लसूण, बांधला लेकराच्या तळव्यांना आणि झोपवलं.

फडकं सोडलं तेव्हा दोन्ही इवलेसे तळवे लालभडक होऊन फुगले होते, वर पाण्याचे फोड. डॉक्टर म्हणाले, भाजल्यासारखंच आहे, बरं होईल, पण वेळ लागेल.

ती आई भांडायला आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तळमजल्यावर आली, पट्ट्या बांधलेले पाय पिंपवालीसमोर धरले आणि एवढंच म्हणाली, “मावशी, लेकराला बांधायचा नाही, एवढं तुम्ही बोलला असतात तर मी केलं नसतं हो.”

पिंपवालीच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं, ते मला नाटकातही कुणाच्या चेहऱ्यावर बघायचं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली होती. तिने डूल काढले आणि चहाच्या बशीत टाकले, गोगलगायी टाकाव्यात तसे.

आणि इमारत? शी! ज्यांच्या छातीला, घशाला, मोऱ्यांना तिने वर्षानुवर्षं उतार दिला, ते जिन्यात तिला बघून अंग चोरायला लागले. चष्मेवाला म्हणाला, “मी आधीपासून सांगत होतो, पिंप काढा.” त्याने आधीपासून काहीही सांगितलं नव्हतं. त्याच्या कुंडीतला गुलाब याच पिंपावर पोसला होता. पिंपाच्या वासाला निदान ढोंग येत नाही.

मी घरी येऊन तो लसणाचा व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा, पुन्हा. “फडकं बांधा पायात,” असं म्हणून ती हनुवटी वर करते, भुवया किंचित उचलते, आणि तिथेच चित्र उडी मारून बासरीवर जातं. ती हनुवटी मी ओळखत होते. समोरच्या नटाने वाक्य घ्यावं म्हणून आपण थांबतो ना, अगदी तसं. मी तशीच खाली गेले. भाची तिथेच होती, रडून डोळे सुजलेले.

“अगं, तू थांबली होतीस ना तिथे?” मी पिंपवालीला विचारलं.

“थांबणारच. पुढचं वाक्य माझं आहे का?”

“कुणाचं आहे?”

“घेणाऱ्याचं.”

“घेणारा कुठे होता? समोर फोन होता!”

भाची म्हणाली, “मावशी, तू प्रत्येक वेळी मध्येच गप्प व्हायचीस. मला वाटलं दमतेस. तू गप्प बसलेलं मी कापायची.”

“कापायची?”

“हो. नाहीतर लोक व्हिडिओ पुढे ढकलतात ना.”

“मी वाट बघत होते गं,” पिंपवाली म्हणाली. “तू मान हलवायचीस. मला वाटलं, तू मनातल्या मनात म्हणतेस.”

कुणाची चूक म्हणायची? एकीने आपल्या वाट्याचं वाक्य इमानदारीने म्हटलं, दुसरीने रिकामी जागा साफ केली, आणि मधल्या मध्ये एका लेकराचे पाय पोळले.

“व्हिडिओ काढून टाकते,” भाची म्हणाली.

“काढ. पण ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोक्यातून काढशील? कुणी आज बांधत असेल.” पिंपवाली उठून खिडकीशी गेली. बाहेर पिंप होतं, त्याच सकाळी नव्याने भरलेलं. “त्यांना दुसरं वाक्य सांगायला पाहिजे.”

मी लगेच पुढे झाले. सांगते ना, दिवा दिसला की आमचं पाऊल पुढे पडतंच. “मी बसते समोर! तू पहिलं म्हण, मी दुसरं म्हणते. रीत मोडत नाही, काम होतं.”

“तुम्हाला सर्दी झालीय?”

“नाही. पण मी अशी शिंकेन की…”

“नको. घेणारी खरी पाहिजे. नाटक करून काय मुकं करायचं ते करा, तुमच्या घरी.” मग हळूच म्हणाली, “घेणारे तिकडे आहेत, फोनच्या पलीकडे. त्यांच्या कानात मला कुजबुजता येत नाही. म्हणजे मलाच म्हणावं लागणार.”

“मग पिंप?” भाचीने विचारलं. तिने ते विचारायला नको होतं, पण तिलाही लहानपणापासून तेच सांगितलेलं.

पिंपवालीकडे नाक नव्हतं, माणूस नव्हता, पेन्शनमध्ये भागत होतं. जे होतं ते ती बाग आणि ते पिंप. ते मेलं तर उद्या सकाळी उठायचं कशासाठी, हे तिने विचारलं नाही, पण मला दिसत होतं.

तिने बासरी नको म्हटलं. धूर नको. डूल नको. अंगणात पिंपाशेजारी उभी राहिली, हातात बिअरची बशी, बशीत दोन फुगलेल्या गोगलगायी. भाचीने फोन धरला. आणि पिंपवालीने सुरुवात केली. लसूण: “फडकं बांधा पायात.” थांबली. सवयीने हनुवटी वर गेली. मग तिची हनुवटी खाली आली आणि ती स्वतःच म्हणाली, “उघड्या कातडीला लावायचा नाही, लेकराला तर नाहीच नाही. हे मी बोलले नव्हते. एका बाळाचे पाय पोळले.” पुढे कांदा आणि मध, दोन्ही वाक्यं. व्हिनेगर, दोन्ही. राजमा, दोन्ही. एकापाठोपाठ एक, आपल्याच तोंडाने, आपल्याच वाक्याला उत्तर देत. एकट्याने दोन पात्रं करायची वेळ मी अनेक नटांवर आलेली पाहिली आहे. इतक्या कष्टाने कुणी केलेलं पाहिलं नाही. शेवटी ती म्हणाली, “झालं. आता सगळं सांगून टाकलं.” आणि पचकन जमिनीवर थुंकली.

मग आम्ही पिंपाची वाट बघू लागलो.

रोज सकाळी ती झाकण काढायची. “नटीबाई, आला का?”

नाही आला. ओल्या गवताचा वास येत होता, फार तर पावसात भिजलेल्या बुटाचा. आदल्या वर्षी एव्हाना मेलेला उंदीर येऊन गेला होता. हवा गारच राहिली होती, ऊन नव्हतं, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिने रोपं लावायची थांबवली. वाफे खणून तयार होते, तसेच पडून. मी, जिने त्या वासाला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, खिडकी सताड उघडी ठेवून बसायला लागले. नाक बाहेर काढून! समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं असेल, म्हातारी गेली कामातून.

एका सकाळी मला राहवलं नाही. ती वर बघत होती, चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा. “आला का?”

“आला!” मी ओरडले. “काय सांगू बाई, असा सणसणीत आला! उंदीर आणि गटार दोन्ही!” नाक दाबलं, डोळे फिरवले, खिडकीच्या चौकटीला धरून झोकांडीसुद्धा दिली.

“खोटं,” ती म्हणाली. “खरा आला की तुम्ही एवढं बोलत नाही.” आणि झाकण लावून आत गेली. इतकी अचूक समीक्षा माझ्यावर कुणी लिहिली नव्हती.

मग ऊन पडलं. खरं ऊन, भिंती तापवणारं. काही दिवस तसंच राहिलं. तिने झाकण काढायचंही सोडलं होतं. एक दिवस दुपारी ती पिंप उपडं करायला बाहेर आली. मी वरून पाहिलं. तिने दोन्ही पैलवानी हात पिंपाला घातले, मग काय वाटलं कोण जाणे, आधी झाकण उचललं.

मी काहीतरी म्हणणार होते. म्हणता आलं नाही. उंदीर नव्हे, गटारही नव्हे, सबंध जगाच्या पोटात कुजून राहिलेलं काहीतरी ढेकर देऊन वर आलं आणि सरळ माझ्या घशात उतरलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी खिडकीवर ओणवी झाले आणि मला कोरडी ओकारी आली. एकही पल्लेदार वाक्य नाही. नुसतं “ऑ…”

पिंपवाली वर बघत होती. तिचा चेहरा बघता बघता उलगडला.

इमारतीच्या खिडक्या धाडधाड लागायला लागल्या. चष्मेवाल्याची लागली, राजमावालीची लागली, एकीमागून एक, नाट्यगृहात शेवटच्या पडद्याला टाळ्या पडाव्यात तशा. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मात्र लागण्याआधी उघडली. बाळाला खांद्यावर घेऊन ती आई डोकावली, नाकाला दुपट्याचा कोपरा. इतके दिवस ती पिंपवालीशी एक शब्द बोलली नव्हती.

“मावशी, शी! काय हो हे!” ती ओरडली. “बाळ उठलं ना!”

“बाळाचे पाय कसे आहेत?” पिंपवालीने खालून विचारलं.

“लाथा मारतंय! लावा आधी ते झाकण!”

पिंपवालीने झाकण लावलं, घाई न करता. मग हात धुऊन, अंगणातल्या झाडाचं एक लिंबू तोडून ती माझ्या दारात आली. मी भिंतीला टेकून उभी होते, तोंडावर रुमाल, पोटात अजून गोळे येत होते. तिने लिंबू अर्धं चिरलं, माझ्यापासून हातभर अंतरावर धरलं आणि पूर्वीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “मळमळेल त्याने लिंबू हुंगावं, हळूहळू श्वासात घ्यावं.”

आणि थांबली. मला माझं वाक्य पाठ होतं: रिकाम्या पोटी चोखायचं नाही. पण तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं असतं तर वाक्याआधी दुसरंच काही बाहेर पडलं असतं. मी हाताने खुणा केल्या, दे गं, दे. ती हलली नाही. हनुवटी वर करून, भुवया उचलून, लिंबू तसंच धरून ती माझ्या वाक्याची वाट बघत उभी होती.